खारपाणपट्ट्यातला मासा आणि मिठाचा जमाखर्च

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मासळीचा धंदा करणाऱ्यांना दोन अनुभव हमखास येतात. बाहेरून आणलेले मत्स्यबीज वाटेत धडधाकट दिसते, पण तळ्यात सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगू लागते. दुसरा अनुभव असा की, एका गावच्या शेततळ्यात रोहू-कटला झपाट्याने वाढतो आणि चार कोसांवरच्या दुसऱ्या गावात तेच बीज व तेच खाद्य घालूनही मासा हाताला लागत नाही. मग बीज देणाऱ्याला दोष दिला जातो, खाद्याच्या कंपनीला दोष दिला जातो आणि शेवटी नशिबाला. पुष्कळदा खरे कारण पाण्यातील क्षारांत असते. मासा आपल्या अंगातील मिठाचा हिशेब कसा सांभाळतो, हे ज्याला समजले त्याचे निम्मे नुकसान टळते. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या भागाचे पाणी

सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतून निघणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरपासून शेगाव-संग्रामपूरपर्यंत जो पट्टा पसरला आहे, त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. येथील जमीन काळी, खोल आणि चिकण. भूगर्भातील पाण्यात मात्र क्षार फार. पूर्वी दहिहांड्याच्या बाजूला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा चालत असे, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. हे पाणी पिण्याला नको, पिकाला नको. मग त्यात मासा किंवा झिंगा का वाढवू नये, असा विचार अलीकडे अनेकांच्या मनात येतो. विचार चुकीचा नाही. हरियाणातील रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र असून, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात झिंगा वाढवून दाखवण्याचे काम तेथे झाले आहे. पण तेथील यश येथे जसेच्या तसे उचलता येत नाही. त्याचे कारण माशाच्या शरीरातच आहे.

लोणचे, कातडे आणि मासा

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटते. बकऱ्याच्या कच्च्या कातड्याला मीठ लावून थप्पी रचली की खाली पाण्याचा ओहोळ लागतो, हे कातड्याच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या तर त्या फुगतात. पातळ पडद्याच्या एका बाजूला मीठ जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असले, तर पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जाते. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात.

आता मासा पाहा. त्याचे अंग खवल्यांनी व चिकट थराने झाकलेले असते, पण कल्ले उघडे असतात. कल्ल्यांतील लाल झालरीचा पडदा अतिशय पातळ असतो, कारण पाण्यातला प्राणवायू त्यातूनच रक्तात यायचा असतो. पडदा जाड असता तर मासा गुदमरला असता आणि पातळ आहे म्हणून त्यातून पाणी व क्षारही ये-जा करतात. श्वासासाठी उघडलेल्या या दारातून आत-बाहेर होणाऱ्या मालावर माशाला जन्मभर पहारा करावा लागतो.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दवाखान्यात रोग्याला लावतात त्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. बहुतेक काटेरी माशांच्या रक्तातील क्षारही, मासा नदीचा असो वा समुद्राचा, साधारण त्याच घरात असतात. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि धरणाच्या गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. म्हणजे ९ ही मधली रेघ समजा. पाणी या रेघेच्या खाली असेल तर माशाला एक काम करावे लागते आणि वर असेल तर नेमके त्याच्या उलट.

गोड्या पाण्यातला मासा

अप्पर वर्धा किंवा काटेपूर्णा धरणातील रोहू घ्या. त्याच्या रक्तात मीठ जास्त, बाहेर जवळजवळ नाही. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत घुसते आणि अंगातले मीठ बाहेर झिरपते. काही केले नाही तर मासा त्या मनुकेसारखा फुगून मरेल. म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याचे मूत्रपिंड, म्हणजे गुर्दे, रात्रंदिवस पाणी उपसत असतात. गोड्या पाण्यातील मासा दिवसाला आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लघवी करतो. ही लघवी अगदी पातळ असते. गुर्दे बाहेर टाकण्याआधी तिच्यातले मीठ वेचून रक्तात परत घेतात. तरीही थोडे मीठ जातेच. ही तूट खाद्यातून काही प्रमाणात भरून निघते आणि उरलेली कल्ले भरून काढतात. कल्ल्यांत खास पेशी असतात. त्या पाण्यातले अत्यल्प मीठ कण कण करून आत ओढतात. हे काम उताराच्या विरुद्ध, म्हणून त्याला शक्ती लागते. ही शक्ती माशाने खाल्लेल्या अन्नातूनच येते.

समुद्रातला मासा

मुंबईहून बर्फात येणारी पापलेट, सुरमई जिवंतपणी नेमकी उलटी लढाई लढत असतात. बाहेर मीठ जास्त, म्हणून अंगातले पाणी कल्ल्यांतून बाहेर ओढले जाते. समुद्रात राहून हे मासे तहानलेले असतात म्हटले तरी चालेल. म्हणून ते समुद्राचे पाणी पितात. आतड्यातून मीठ आत घेताना त्याच्याबरोबर पाणीही आत येते. मग हे जादा मीठ जायचे कोठे? माशाच्या गुर्द्यांना रक्तापेक्षा खारट लघवी तयार करता येत नाही. त्यामुळे ते मॅग्नेशियम व सल्फेटसारखे क्षार थोडक्या लघवीतून टाकतात आणि साध्या मिठाचे ओझे कल्ल्यांवर येते. गोड्या पाण्यात मीठ आत घेणारे कल्ले समुद्रात तेच मीठ बाहेर फेकतात.

हे कोडे उलगडायला बराच काळ लागला. अमेरिकेतील होमर स्मिथ यांनी १९३० साली दाखवून दिले की समुद्रातील मासे पाणी पितात आणि मिठाचा मोठा भाग गुर्द्यांशिवाय दुसऱ्या मार्गाने टाकतात. १९३२ साली कीज व विल्मर यांनी वाम जातीच्या माशाच्या कल्ल्यांत हे काम करणाऱ्या पेशी शोधल्या. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांनी त्याच दशकात गोड्या पाण्यातील माशाचे कल्ले मीठ आत ओढतात हे सिद्ध केले. पुढे १९५७ मध्ये डेन्मार्कचेच येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना पेशीतील तो पंप ओळखला. या शोधासाठी त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप दर फेरीला सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. माशाच्या कल्ल्यांत हाच पंप चालतो. सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम लागते, ही गोष्ट वाचकांनी गाठीला बांधून ठेवावी. खारपाणपट्ट्यातला सारा पेच तेथेच आहे.

दोन्ही पाण्यांचे मासे

काही माशांना दोन्ही बाजूंचे काम येते. हिलसा समुद्रात वाढते आणि अंडी घालायला नदीत चढते. कोकणातील जिताडा खाडीत राहतो आणि रायगड जिल्ह्यात गोड्या तळ्यांतही वाढवला जातो. तिलापियालाही बरेच खारे पाणी चालते. असे मासे पाणी बदलले की कल्ल्यांतील पेशींची मांडणी बदलतात. पण एखाद्या कारखान्यात यंत्रे फिरवायला वेळ लागतो तसा या बदलाला काही दिवस लागतात. तेवढी मुदत मिळाली नाही तर दोन्ही पाण्यांत राहू शकणारा मासाही मरतो.

रोहू, कटला व मृगळ यांच्याकडे ही दुसरी यंत्रणा नाही म्हटले तरी चालेल. त्यांना लिटरला चार-पाच ग्रॅमपर्यंतचे क्षार मानवतात. त्यापुढे खाद्यातली शक्ती अंगाला लागण्याऐवजी मिठाशी झगडण्यात खर्च होते आणि वाढ खुंटते. खाद्याचा खर्च तोच, पण वजन निम्मे, असे दिसले तर आधी पाणी तपासावे.

मुशीची तऱ्हा वेगळीच. ती रक्तात युरिया साठवून ठेवते, त्यामुळे तिच्या अंगातले पाणी समुद्र ओढू शकत नाही. मेल्यावर जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. मुशीच्या मांसाला चटकन उग्र वास येतो तो यामुळे. मुशी घेणाऱ्या व्यापाऱ्याने बर्फात कसर करू नये.

वाहतुकीत मूठभर मीठ

आता धंद्याच्या गोष्टीकडे येऊ. मत्स्यबोटुकली जाळ्यात धरली, हाताळली, डब्यात कोंबली की ती घाबरते. घाबरलेल्या माशाच्या कल्ल्यांतील रक्तप्रवाह वाढतो. प्राणवायू जास्त मिळतो, पण त्याच दारातून मीठही भराभर बाहेर जाते आणि पाणी आत शिरते. प्रवासात मासा तगून राहतो आणि पोचल्यावर दोन दिवसांनी मरतो, त्यामागे हे मिठाचे दिवाळे मोठे कारण असते.

उपाय स्वस्त आहे. वाहतुकीच्या पाण्यात लिटरला ३ ते ५ ग्रॅम मीठ घालावे. २०० लिटरच्या पिंपाला ६०० ग्रॅम ते १ किलो मीठ होते. बाहेरचे पाणी रक्ताच्या रेघेजवळ आले की गळती मंदावते आणि कल्ल्यांवरचा भार हलका होतो. मीठ आधी वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून मग घालावे. बीज निघण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, म्हणजे डब्यातले पाणी घाण होत नाही. तळ्यावर पोचल्यावर पिशवी नुसती तरंगत ठेवल्याने फक्त उष्णतामान सारखे होते, क्षार नव्हे. म्हणून तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळत जावे. दोन्ही पाण्यांच्या क्षारांत मोठा फरक असेल तर बीज आधी टाकीत ठेवून रोज एक-दोन ग्रॅमच्या पावलाने पाणी बदलावे.

मिठाचा आणखी एक फायदा आहे. दाट साठवणुकीच्या तळ्यात नायट्राइट वाढते. कल्ल्यांतील क्लोराइड ओढणाऱ्या पेशी त्याला क्लोराइड समजून आत घेतात आणि माशाचे रक्त तपकिरी पडून प्राणवायू वाहून नेईनासे होते. पाण्यात नायट्राइटच्या किमान दहापट क्लोराइड असेल तर ही फसवणूक थांबते. कल्ले तांबडे न दिसता तपकिरी दिसले तर ही शंका घ्यावी.

खारे पाणी सगळे सारखे नसते

येथे सर्वांत मोठी गफलत होते. समुद्राचे पाणी ३५ ग्रॅमचे, आपल्या बोअरचे ५ ग्रॅमचे, म्हणजे आपले पाणी सातपट पातळ केलेला समुद्रच, असे अनेकजण समजतात. तसे नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात सोडियम भरपूर असते, पण पोटॅशियम फार थोडे, कारण चिकणमाती ते धरून ठेवते. चव दोन्हींची खारटच, पण कल्ल्यांतल्या पंपाला चवीशी काय करायचे? त्याला पोटॅशियम हवे. ऑस्ट्रेलियात पोटॅशियम कमी असलेल्या खाऱ्या भूजलात वाढवलेल्या जिताड्याच्या पिलांचे स्नायू झिजून ती मेल्याची नोंद झाली आहे. व्हॅनामी जातीच्या झिंग्यालाही अशा पाण्यात पोटॅशियम कमी पडले की तो सुस्त होतो आणि कात टाकताना मरतो.

ठोकताळा असा: लिटरला जितके ग्रॅम क्षार, त्याला ११ ने गुणा. तेवढे मिलिग्रॅम पोटॅशियम असले म्हणजे समुद्राचे प्रमाण जुळले. ५ ग्रॅमच्या पाण्याला ५५ मिलिग्रॅम हवे. तपासणीत फक्त ५ निघाले तर तूट ५० ची. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर. ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ५०० किलो पोटॅशियम लागेल. खताच्या दुकानात मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम साधारण निम्मे असते. म्हणून १,००० किलो, म्हणजे ५० किलोच्या २० गोण्या. एकराला ८ गोण्या. शिवाय आपली काळी माती त्यातले काही गिळून टाकते, त्यामुळे पुन्हा तपासून पुन्हा घालावे लागते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात हे नुकसान टळते. झिंग्याचा नफा सांगणाऱ्या माणसाने हा खर्च कागदावर दाखवला नसेल तर त्याचा कागद अपुरा आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी तपासणी सामूची. खारपाणपट्ट्यातील पुष्कळ पाण्यात सोड्याचा अंश जास्त असतो. मासा अंगातला अमोनिया कल्ल्यांतूनच टाकतो. पाणी फार अल्कधर्मी असेल तर तो बाहेर पडू शकत नाही आणि मासा स्वतःच्याच विषाने मरतो. आपल्या वऱ्हाडातील लोणारचे सरोवर मीठ आणि सोडा या दोहोंसाठी प्रसिद्ध आहे. केनियातील मगादी सरोवर असेच आहे, पण तेथील तिलापियाची एक जात अमोनियाऐवजी युरिया टाकून तगली आहे. ती सवलत रोहूला नाही.

उन्हाळ्याचा हिशेब

पावसाचे पाणी साठवलेले शेततळे आषाढात गोड असते. अकोल्याच्या उन्हात मेपर्यंत त्याचे काय होते? वाफ होऊन जाते ते पाणी, मीठ मागेच राहते. २ ग्रॅमचे पाणी आटून निम्मे राहिले तर ४ ग्रॅमचे होते, तिसरा हिस्सा राहिले तर ६ चे. त्यात पातळी टिकवण्यासाठी रोज खारा बोअर सुरू केला तर मिठाची नवी खेप येत राहते. त्याच दिवसांत ऊन जास्त, म्हणून पाण्यातला प्राणवायू कमी. मासा कल्ले जोराने चालवतो आणि जितके कल्ले चालवील तितका मिठाचा व्यवहार वाढतो. दोन्हीकडून कात्री लागते. म्हणून खारपाणपट्ट्यातील तळ्यात मोठी बोटुकली पावसाळ्यात सोडून होळीच्या आसपास माल काढून विकणे शहाणपणाचे. शेवटच्या दोन महिन्यांत वजन वाढेल या लोभाने सारे पीक धोक्यात घालू नये.

शेजाऱ्याचा हक्क

एक गोष्ट हिशेबाच्या वहीत येत नाही, पण सर्वांत महत्त्वाची आहे. माशाला खारे पाणी काढून टाकायला कल्ले आहेत. शेताला नाहीत आणि माणसालाही नाहीत. माणसाचे सारे काम दोन गुर्द्यांवर चालते. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या आजाराचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे, हे आपण सर्वजण जाणतो. तेव्हा तळे रिकामे करताना खारे पाणी शेजाऱ्याच्या वावरात, नाल्यात किंवा गोड्या विहिरीकडे सोडणे म्हणजे आपला नफा दुसऱ्याच्या नुकसानीतून काढणे होय. सोडियमने काळी जमीन एकदा घट्ट झाली की ती सुधारायला वर्षे लागतात. पाणी कोठे सोडणार याचे उत्तर नसेल तर तळे खोदूच नये.

भांडवल घालण्यापूर्वी

आमच्या व्यापारी बांधवांनी पुढील क्रम पाळावा. प्रथम पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे आणि एकूण क्षार, सामू, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व क्लोराइड यांचे आकडे लेखी घ्यावेत. पाणी एकदा पावसाळ्यानंतर व एकदा ऐन उन्हाळ्यात तपासावे. खारपाणपट्ट्याच्या जमिनीवर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काम झालेले आहे, त्याचा सल्ला घ्यावा. क्षार तीन-चार ग्रॅमच्या आत असतील तर रोहू-कटलाच बरा, कारण त्याला येथे गिऱ्हाईक आहे. त्याहून जास्त असतील तर तिलापियासारख्या माशाचा विचार करावा. झिंगा किंवा परदेशी जात आणायची तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आधी आणि पैसे नंतर. मोठ्या खेपेपूर्वी त्याच पाण्याच्या टाकीत शंभर बोटुकल्या आठवडाभर ठेवून पाहाव्यात. त्या जगल्या तर उरलेले बीज मागवावे.

कातड्याला मीठ किती लावायचे हे जाणणारा आणि लोणच्याच्या बरणीचा अंदाज असणारा आपला कारागीर या धंद्यात अनाडी ठरण्याचे कारण नाही. तराजू त्याच्या हातात आहेच. आता फक्त पाण्याचे वजन करायला शिकायचे आहे.